सबीहा मॅडमचे तीन रकाने

सबीहा मॅडमनी माझ्या आजोबांना स्वयंपाकी केलं, ही माझी तक्रार आहे आणि ती मी अजून मागे घेतलेली नाही.

माझा आजा तांडेल होता. तांडेल म्हणजे तारवाचा कप्तान, ज्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. निदान सव्वीस वर्षं तरी तो तांडेल होता. मग खाडीकाठच्या एका दर्यावर्दी संग्रहालयात, एका शनिवारी सकाळी, सगळ्या लोकांसमोर, एका निवृत्त शिक्षिकेनं त्याला सुकाणूपासून उठवलं आणि चुलीपाशी नेऊन बसवलं. मी काही करू शकलो नाही. उलट कागदावर सही मीच केली.

हे मला लागलं, कारण मी सहसा हरत नाही. एकोणिसाव्या वर्षी मालवणजवळच्या आमच्या वाडीतून दुबईला आलो तो साइटवर सिमेंटच्या गोणी उचलायला. देरात एका खोलीत नऊ जण झोपायचो. आज त्याच देरात, धक्क्याच्या तोंडाशी, माझं स्वतःचं दुकान आहे. दोर, ताडपत्री, रंग, साखळ्या, गलबतांना लागतं ते सगळं. हे सगळं मी बोलून कमावलं. घासाघीस ही माझी विद्या. मी दाताच्या डॉक्टरशीसुद्धा घासाघीस केली आहे, तीही तोंड उघडं असताना. आवाज चढवायचा, निघून जातो म्हणायचं, दारापर्यंत जायचं आणि समोरच्यानं हाक मारली की वळायचं. सबीहा मॅडमची अडचण अशी की त्या हाक मारत नसत.

ओळख झाली ती काथ्याच्या दोरामुळे. संग्रहालयात एक जुनं लाकडी गलबत मांडलं होतं, त्याला नवा दोर हवा होता आणि नायलॉनचा चालणार नव्हता. तिथला अधिकारी सालेम, अतिशय सभ्य पोरगा, मला फोनवर म्हणाला, "कुबलभाई, प्राइस थोडा देखो." मी म्हटलं, "हबीबी, दीडशे दिरहमला बंडल." म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये. "इससे कम में खलास." आणि तो कमी करायला सांगेल म्हणून स्वतःच माल घेऊन गेलो. त्यानं काहीच कमी करायला सांगितलं नाही. त्यामुळे माझा मूड आधीच गेला होता.

त्या मूडमध्ये मी भिंतीवरचा फोटो पाहिला. जुन्या गलबताच्या फळीवर सात-आठ माणसं उघडी बसलेली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, भारतीय खलाशी. नाव एकाचंही नाही.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात सांगत आले होते की आजा तारवातून कौलं घेऊन बसऱ्यापर्यंत जायचा, खजूर घेऊन परत यायचा आणि वाटेत दुबईच्या खाडीत उतरायचा. मी सालेमला ऐकवलं, "ये क्या लिखा है? नावं नाहीत काय ह्यांना? ह्याच्यात माझा आजा असेल!"

मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "असेल म्हणजे? वाचलंय, ऐकलंय की वाटलंय?"

वळून पाहिलं तर एक ठेंगणी बाई. साठीच्या पुढची. सुती सलवार-कमीज, डोक्यावरून सारखी घसरणारी ओढणी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत पीटीच्या तासाला घालतात तसे पांढरेशुभ्र बूट. बाणकोटकडच्या कोकणी मुसलमान. इथल्या एका भारतीय शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि निवृत्तीनंतर, घरी बसवत नाही म्हणून, संग्रहालयासाठी एक वाचक मंडळ चालवत होत्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इतिहासाचं एक पुस्तक, गलबताखाली मांडलेल्या वीस खुर्च्या आणि एक पांढरा फळा.

"शनिवारी या," त्या म्हणाल्या. "आम्ही ह्याच भिंतीवर नावं लावणार आहोत. शिडाच्या गलबतातून ह्या खाडीत आलेल्या माणसांची. मंडळातले लोक आपापल्या घरची नावं देतायत. पण पुरावा लागतो."

पुरावा म्हणजे किरकोळ गोष्ट, असं मला तेव्हा वाटलं. वाटलं, हा शब्द लक्षात ठेवा.

त्या गणपतीला गावी गेलो आणि आरती संपल्यावर सगळ्या वाडीसमोर मी सांगून टाकलं, "आज्याचं नाव दुबईच्या म्युझियममध्ये लागलं." लागणारच आहे तर दोन-चार महिने इकडेतिकडे, असा माझा हिशेब. माझे वडील तेव्हा चौऱ्याऐंशीचे. ऐकू कमी येतं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते देवासमोर जाऊन बसले. माझा चुलतभाऊ अनंता मात्र लगेच म्हणाला, "फोटो दाखव."

"फोटो काढायला बंदी आहे तिकडे."

अनंतानं तिथल्या तिथे मोबाइलवर त्या संग्रहालयाचे पन्नासेक फोटो शोधून दाखवले. एकात तर कोणीतरी बाळाला नांगरावर बसवून फोटो काढला होता. मी म्हटलं, पुढच्या गणपतीला फोटो आणतो. आणि आल्या आल्या शनिवारी मंडळात जाऊन बसलो.

मॅडम आधी हजेरी घेत. खरोखर हजेरी. पन्नाशी-साठीची माणसं, इंजिनियर, बँकवाले, एक रेडिओलॉजिस्ट, सगळे "प्रेझेंट मॅडम" म्हणत. मग फळ्यावर तीन रकाने आखत. वाचलेलं, ऐकलेलं, वाटलेलं. मंडळात इंग्रजी आणि हिंदी चाले, म्हणून डोक्यावर हे तीन शब्द तीन भाषांत लिहिलेले. कोणीही काही बोललं की मॅडम फक्त खडू उचलल्यासारखा मार्कर उचलत आणि विचारत, कुठल्या रकान्यात? पिल्लै नावाचे एक निवृत्त इंजिनियर होते, सगळ्यात जास्त वाचलेले. त्यांनी एकदा सांगितलं की जगातलं सर्वांत उत्तम जहाजाचं लाकूड केरळचं. मॅडमनी भुवया वर केल्या. पिल्लैसाहेब स्वतःच म्हणाले, "थर्ड कॉलम, मॅडम."

मला हा प्रकार पोरखेळ वाटला. पण खरा अपमान पुढे होता. मंडळाची एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. ज्यानं पुस्तक वाचलं नाही त्यानं त्या दिवशी सगळ्यांना गहवा द्यायचा, म्हणजे इथली ती वेलची घातलेली फिकी कॉफी. मॅडम पहिल्या दिवशी माझ्याजवळ आल्या, "कुबलभाऊ, पुस्तक?" म्हणाल्या. मी म्हटलं, "टाइम कुठे मिळतो मॅडम, दुकान असतं." त्यांनी हातात दल्ला दिला. दल्ला म्हणजे ती लांब चोचीची किटली. डाव्या हातात किटली, उजव्या हातात कप, असं धरायचं, हे सालेमनं दाखवलं.

मी पाच महिने गहवा वाटला. चौदा माणसं माझ्या हाताखाली, धक्क्यावर लोक मला शेठ म्हणतात, आणि मी वीस खुर्च्यांमधून किटली घेऊन फिरतोय. सहाव्या महिन्यात ठरवलं, वाचायचं. पुस्तक इंग्रजी. माझं इंग्रजी इनव्हॉइसपुरतं. म्हणून मुलीला, अकरावीत आहे, तिला म्हटलं, "वाचून दाखव." अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन शुक्रवार तिनं सोफ्यावर पाय वर घेऊन वाचलं आणि दर दहा मिनिटांनी म्हणाली, "बाबा, नथिंग इज हॅपनिंग." मी म्हटलं, "होतंय, होतंय. वारा पडलाय. त्यांचं पाणी संपत आलंय. वाच." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागली.

त्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "कुबलभाऊ, पुस्तक?" मी नुसतं पुस्तक वर केलं. त्यांनी किटली पिल्लैंच्या हातात दिली. त्यांची नात आजारी होती, त्या महिन्यात त्यांचं वाचन झालं नव्हतं. एवढा आनंद मला दुकानाचं लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

आता आपलं वजन वाढलं, असं समजून मी त्याच दिवशी नावाचा विषय काढला. सगळे गेल्यावर. मॅडम फळा पुसत होत्या.

"मॅडम, आमच्या आज्याचं नाव. तांडेल, असं लिहा."

"पुरावा?"

"वडील सांगतात."

"वडिलांनी तुम्हाला काय सांगितलं? शब्द सांगा त्यांचे."

शब्द मला आठवेनात. मी नेहमीचा रस्ता धरला. "बरं, तांडेल राहू दे. सुकाण्या लिहा."

त्या बघतच राहिल्या. "काय?"

"सुकाण्या नको? मग खलाशी लिहा. त्याच्या खाली मी येणार नाही मॅडम. आमची पण इज्जत आहे."

"कुबलभाऊ," त्या म्हणाल्या. त्यांना राग आला की आवाज खाली जायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "तुम्ही आजोबांचा भाव करताय."

माझा आवाज मात्र वर जातो. मी म्हटलं, "नको तुमचं नाव! ठेवा तुमची भिंत! पाच महिने फुकट वेटरचं काम केलं इथे!" आणि निघालो. दारापर्यंत गेलो, वेग थोडा कमी केला. हाक आली नाही. मग हट्टानं दार ढकललं. ते आगीच्या वेळचं दार होतं.

सगळ्या इमारतीत भोंगा सुरू झाला. वरच्या मजल्यावर एका शाळेची सहल होती. साठ-सत्तर मुलं रांगेनं खाली आली, मागून त्यांच्या टीचर, तिकीटवाला, कॅफेतले लोक, एक म्हातारा पर्यटक अर्धा केक प्लेटमध्ये घेऊन. बाहेर रणरणत्या उन्हात आम्ही सगळे उभे. सालेमनं ओरडायला हवं होतं. त्यानं मला पाण्याची बाटली दिली, हे जास्त वाईट होतं. आणि मॅडमनी काय करावं? अर्धगोल करून त्या मुलांना खजुराच्या झाडाखाली बसवलं आणि गलबतावर आग लागली तर खलाशी काय करायचे, हे सांगायला लागल्या. भोंगा वाजत होता तरी मुलं शांत बसली. जाताना माझ्याजवळून गेल्या आणि म्हणाल्या, "पुढचं पुस्तक जाड आहे. आजच घेऊन जा."

मी घेऊन गेलो.

एप्रिलमध्ये त्या भाचीच्या लग्नाला बाणकोटला गेल्या. महिन्याचा कार्यक्रम पिल्लैंनी चालवला, हजेरी न घेता, त्यामुळे सगळे उशिरा आले. मी त्या वेळी खुशीत होतो. विचार केला, मॅडम परत यायच्या आत सालेमला गाठून नाव लावून घेऊ. त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. ते स्वतः फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरलो.

"अरे, तुझी म्युझियमची बाय इल्ली हय," ते म्हणाले. "जेवान गेली."

माझ्या हातातून दोर मोजायची टेप खाली पडली. बाणकोट ते मालवण म्हणजे अर्धी कोकणपट्टी. ही बाई एसटीनं, एकटी, कोणालाही न सांगता, मंडळात नाव नोंदवताना मी भरलेल्या फॉर्मवरच्या गावच्या पत्त्यावरून माझ्या बापाच्या पडवीत पोचली होती.

"काय विचारलान तिनं?"

"बापाशीचा विचारलान. सगळा सांगितलंय."

"सगळा म्हणजे?"

"रांधपी होतो ता सांगितलंय. दुसरा काय सांगूचा?"

रांधपी म्हणजे स्वयंपाकी. मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन दोराच्या गुंडाळीवर बसलो.

आता मला हे माहीत होतं का? वकील विचारील तर नव्हतं. आई विचारील तर होतं. लहानपणी वडिलांनी सांगितलं असणार. पण सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नाची बोलणी वेंगुर्ल्याला चालली होती. मुलीचे मामा मोठ्या जहाजावर सेकंड इंजिनियर, आणि ते दर दोन वाक्यांनंतर ते सांगत होते. आमच्या बाजूला जहाजाशी संबंधित माणूस म्हणजे एक आजा. बोलणी अडलेली. मी त्याला जागच्या जागी बढती दिली. मामा गप्प झाले, लग्न ठरलं. मग बारशात, पूजेत, दुकानाच्या उद्घाटनात तो तांडेलच राहिला, आणि इतक्या वेळा सांगितल्यावर मला तो सुकाणूला टेकून उभा असलेला दिसायलाही लागला. वडिलांना ऐकू कमी येत होतं. त्यांना वाटे मी बरोबरच सांगतोय.

घरी बायकोला, वृंदाला, सांगावं लागलं. तिनं गॅस बंद केला. "म्हणजे सव्वीस वर्षं मी रांधप्याच्या नातवाच्या घरात आहे," ती म्हणाली, "आणि रोज स्वयंपाक मी करतेय?"

मॅडम परत आल्या त्या दिवशी मी संग्रहालयात जाऊन थांबलो होतो. भांडायची पूर्ण तयारी करून. "तुम्ही माझ्या बापाला फसवून विचारलंत," इथून सुरुवात करायचं ठरवलं होतं. त्यांनी पिशवीतून सांदणांचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे माशाच्या कालवणात काय घालतात?"

"काय घालतात? कोकम."

"आणि?"

"आणि काय? बाबा ते काळं लिंबू घालतात. त्यांचा नाद आहे तो."

"कुठून आणतात?"

"मीच नेतो दर वर्षी इथून. दोन किलो. कस्टमवाला विचारतो हे काय."

ते लिंबू इथलं. इकडे त्याला लूमी म्हणतात, उन्हात वाळवून काळं दगडासारखं केलेलं. आमच्या घरात त्याला बसऱ्याचं लिंबू म्हणायचे. आमच्या वाडीत दुसऱ्या कोणाच्याही घरी ते घालत नाहीत. आमच्याच घरी, चूल पेटल्यापासून. आजा तारवावर ते वापरायला शिकला, घरी घेऊन आला, आजीला दिलं, आजीनं आईला. तारू बंद झाल्यावर बरीच वर्षं ते मिळालं नाही. मी दुबईला आलो त्या पहिल्या वर्षी वडिलांनी पत्रात तेवढंच मागितलं होतं. घड्याळ नाही, रेडिओ नाही. मी म्हटलं होतं, म्हातारा काय मागतो बघा. आणि गेली तीस-एक वर्षं मी आज्याचा पुरावा स्वतःच्या बॅगेत, स्वतःच्या वजनात भरून नेत होतो.

"मी जेवले तेव्हा मला कळलं," मॅडम म्हणाल्या. "ही चव बाणकोटला नाही, मालवणला नाही. ही खाडीची आहे. मग वडिलांना विचारलं, स्वयंपाक कोण करायचं? ते म्हणाले, बापूस. दहा माणसांचा. मी सगळं रेकॉर्ड केलंय, त्यांच्या आवाजात." मग त्यांनी एक यादी माझ्यापुढे सरकवली. "ही आतापर्यंत आलेली नावं. वाचा."

मी वाचली. पस्तीस-चाळीस नावं असतील. नाखवा. तांडेल. नाखवा. नाखवा. तांडेल. तांडेल. मालक आणि नाखवा.

"कोणाच्याही घरी साधा खलाशी नव्हता," मॅडम म्हणाल्या. "सगळी गलबतं कप्तानांनी भरलेली. कुबलभाऊ, मग हे लोक जेवत काय होते?"

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. "म्हणून तुम्हाला माझाच आजा सापडला?"

"ह्यातली निम्मी नावं मी परत पाठवणार आहे, पुरावा मागून. तुमचं लागू शकतं. स्वयंपाकी म्हणून. नाही तर नाही लागणार. शनिवारपर्यंत सांगा."

मी शेवटचा प्रयत्न केला, "नुसतं 'दर्यावर्दी' लिहिलं तर?"

त्यांनी सांदणाचा डबा माझ्याकडे थोडा सरकवला.

ते चार दिवस मी दुकानात बसून हाच हिशेब करत होतो. गणपती चार महिन्यांवर. एकीकडे अनंता आणि सगळी वाडी, एकीकडे मी गणपतीत मारलेली थाप. नाव लावलं तर तांडेल गेला, वेंगुर्ल्याचे मामा हसणार. नाही लावलं तर म्हातारा. तो देवासमोर जाऊन बसला होता, ते डोळ्यांपुढून हलेना. शुक्रवारी मी जाऊन फॉर्मवर सही केली. व्यवसाय ह्या शब्दापुढे मॅडमच्या अक्षरात 'स्वयंपाकी' लिहिलेलं होतं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला, आणि त्यांनी दुसरा फॉर्म पुढे केला. त्यांच्याकडे दुसरा भरून तयार होता.

पाटी लागली त्या शनिवारी चाळीसेक लोक आले होते. सालेमनं कापड ओढलं. बावीस नावं राहिली होती. आमचं अकरावं. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पडवीत सगळी वाडी. अनंता सगळ्यात पुढे, चष्मा लावून. मी फोन पाटीसमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं नाही. मला वाटलं, दिसतंय त्यांना, पुरे. पण वडिलांना अक्षरं दिसत नव्हती.

"वाच मा," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला आणि वर्गात वाचतात तसं वाचलं. आज्याचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि शेवटी, स्वयंपाकी.

अनंतानं तोंड उघडलं. वडिलांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"बरोबर लिवलंस गो बाय," ते म्हणाले. "तांडेल लिवला असतंस तर माका वाटला असता, ह्यो दुसरोच कोणतरी."

मग त्यांनी विचारलं, पाटी किती उंचावर आहे, हात लागतो का. मॅडम म्हणाल्या, लागतो. "मगे लाव," ते म्हणाले. आणि मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ आपला हात आज्याच्या नावावर ठेवला आणि फोन त्यावर धरला, म्हाताऱ्याला दिसेल असा. मी बाजूला उभा. रागानं म्हणा.

सगळं आटपल्यावर माझ्या लक्षात आलं की पाटीवर बाणकोटचं एकही नाव नाही.

"मॅडम, तुमच्याकडचं कोणी नाही?"

"माझे आजोबा नाखवा होते असं आमचं सगळं गाव सांगतं," त्या खुर्च्या मोजत म्हणाल्या. "गलबत घेऊन इकडे आले ते परत आलेच नाहीत. माझी आजी मरेपर्यंत म्हणायची की खाडीपर्यंत ते पोचले होते. कोणीतरी पाहिलं होतं म्हणे."

"मग लावा ना!"

"ऐकलंय फक्त. कोणी पाहिलं, ते कोणालाच माहीत नाही."

"मी देतो साक्ष," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "कोण विचारतंय मॅडम? एक ओळ तर वाढवायची."

त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. "तुमची साक्ष नको. तुम्ही रांधप्याला तांडेल केलंत. माझ्या आजोबांना तुम्ही सुलतान कराल."

जूनमध्ये त्या कायमच्या निघणार होत्या. मुलगी पुण्याला, तिच्याकडे. मंडळानं निरोपाला केक आणला, त्यावर त्यांच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी तपासून घेतलं. मी दुकान होतं म्हणून गेलो नाही. खरं म्हणजे त्या दिवशीही मी रागावलेला होतो, कशावर ते आता सांगता येणार नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, मी दुकानाच्या दारात उभा होतो. धक्क्यावर गलबतं एकाला एक लागून उभी होती, फ्रिज, टायर, कांद्याची पोती चढत होती. हमालांच्या मधून एक ठेंगणी बाई चालत होती. सबीहा मॅडम. हातात वही. एका गलबताच्या फळीशी त्या थांबल्या. वर एक म्हातारा खलाशी जाळं शिवत बसला होता, इराणकडचा असावा. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याला समजलं नाही. शेजारच्यानं समजावलं. मग त्यांनी एक नाव उच्चारलं असणार, कारण म्हाताऱ्यानं शिवणं थांबवून डोळे मिटले, बराच वेळ आठवून पाहिलं आणि शेवटी मान हलवली. नाही.

मॅडमनी मान डोलावली. ओढणी डोक्यावर घेतली, वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं. गलबताचं नाव वर बघून लिहिलं. म्हाताऱ्याला त्याचं नाव विचारून तेही लिहिलं. मग तो काय म्हणाला, तेही लिहिलं असणार. नाही म्हणाला, हेसुद्धा.

मला हाक मारायची होती. मी हाक मारणाऱ्यांतला नाही. त्यांनी वही मिटली, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून धक्क्याच्या टोकापर्यंत किती गलबतं आहेत ते पाहिलं, आणि पुढच्या गलबताकडे निघाल्या.